धारेचे पाणी

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने लोखंड कापण्यावर लेख लिहावा, हे ऐकून संपादक मंडळातील मित्रांनी भुवया उंचावल्या. "कविता दे, एखादी कथा दे. हे लेथचे पुराण कोण वाचणार?" असे एकाने तोंडावर विचारलेही. त्याला मी एवढेच म्हणालो, की आपल्या वर्गातील कितीतरी मुलांचे वडील, भाऊ, मामा वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. ज्या कामावर आपल्या घरची चूल पेटते, त्या कामाविषयी आपल्याला चार वाक्ये धड सांगता येऊ नयेत, ही गोष्ट काही भूषणाची नाही.

शिवाय या विषयाकडे मी वळलो तो एका मराठी शब्दामुळेच. तो शब्द म्हणजे 'पाणी'. आपण विळ्याला पाणी देतो, कुऱ्हाडीचे पाणी उतरते, तलवार पाणीदार असते. लोहाराच्या भट्टीवर जन्मलेला हा वाक्प्रचार पुढे माणसांनाही लागू झाला. हत्याराची धार आणि पाणी यांचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. ते नाते नेमके काय आहे, आणि आजच्या यंत्रशाळेत ते कोणत्या रूपात उरले आहे, हे सांगण्याचा प्रयत्न या लेखात करणार आहे.

एका उन्हाळ्याची गोष्ट

आमचे अण्णा टर्नर आहेत. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग करून देणारे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यांतल्याच एका लहान कारखान्यात अण्णांनी उमेदीची सगळी वर्षे काढली. कारखान्याचे नाव इथे सांगण्याची गरज नाही. सांगायची आहे ती गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्याची.

तो दुष्काळ मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आपल्या शहराला आणि इथल्या कारखान्यांना पाणी देणारे जायकवाडी आटले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांसह उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. मी तेव्हा पाचवीत होतो. घरी हंडे भरून ठेवणे हे माझे काम होते आणि अण्णा संध्याकाळी घरी आले, की त्यांच्या कपड्यांना एक विचित्र, नासक्या अंड्यासारखा वास येई, हे मला पक्के आठवते. त्यांच्या मनगटांवर लाल पुरळ उठले होते. रात्री ते हात खाजवत बसत.

पण त्यांना खाजेपेक्षा दुसरेच दुःख मोठे होते. कारखान्यात टूलच्या टिपा भराभर जात होत्या. जी टिप पूर्वी पाळीभर चाले, ती आता दोन-तीन तासांत तुटे. मालक टर्नर लोकांवर चिडत. "तुम्ही लवकर मोकळे व्हायला मशीनचा वेग वाढवता, म्हणून टिपा जातात," असे त्यांचे म्हणणे. अण्णा घरी येऊन म्हणत, "वेग तोच आहे. पाणी बदललंय." यापुढे त्यांना समजावून सांगता येत नसे आणि मला समजून घेता येत नसे. दहा वर्षांच्या आसपास झाली. मध्यंतरी मी पुस्तके चाळली, तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मित्रांना छळले, अण्णांना तर फारच. अण्णा बरोबर होते की मालक, या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते असे.

धातू कापला जातो म्हणजे काय?

लेथवर जॉब फिरत असतो आणि टूल स्थिर राहून पुढे सरकत असते. पाहणाऱ्याला वाटते, सफरचंदाची साल सुरीने निघावी तशी धातूची साल निघते आहे. प्रत्यक्षात तसे नाही. टूलच्या धारेपुढे धातू आधी दाबला जातो, मग एका तिरप्या पातळीवर पत्त्यांचा जोड सरकावा तसा थराथराने घसरतो आणि कीस, ज्याला कामगार 'चिप' म्हणतात, होऊन बाहेर पडतो. घट्ट धातूला असे घसरायला लावणे ही मोठी मेहनत आहे. ती मेहनत जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

ही उष्णता तीन ठिकाणी जन्मते. सर्वांत जास्त धातू घसरतो त्या तिरप्या पातळीवर. दुसरी, निघालेली चिप टूलच्या माथ्यावरून घासत जाते तिथे. तिसरी, टूलची बाजू नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागाला घासते तिथे. धार बोथट होत गेली, की हा तिसरा हिस्सा वाढतो.

किती उष्णता? एक साधे गणित करू. मिनिटाला १५० मीटर वेगाने, २ मिलिमीटर खोल आणि दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर पुढे सरकत पोलाद कापले, तर सेकंदाला १००० घन मिलिमीटर धातू सुटतो. एक घन मिलिमीटर पोलाद कापायला सुमारे ३ ज्यूल ऊर्जा लागते असे धरले, तर सेकंदाला ३००० ज्यूल झाले. म्हणजे ३ किलोवॅट. न्हाणीघरात झटपट पाणी तापवणारा गीझर एवढ्याच शक्तीचा असतो. फरक एवढाच, की गीझरची उष्णता काही लिटर पाण्यात पसरते, आणि इथे ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटते. त्यामुळे पोलाद कापताना टूल आणि चिप यांच्या स्पर्शाच्या जागी तापमान ७०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत सहज पोहोचते.

इतक्या लहान आणि झाकलेल्या जागेचे तापमान मोजायचे कसे, असा प्रश्न मलाही पडला होता. १९२० च्या दशकात संशोधकांनी त्यावर एक सुंदर युक्ती काढली. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला, की त्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. टूल आणि जॉब हे दोन वेगळे धातूच आहेत आणि त्यांचा तापलेला सांधा म्हणजेच कापण्याची जागा. तेव्हा वेगळा तापमापक आत घालायलाच नको. टूल आणि जॉब यांनाच तारा जोडून दाब मोजायचा. चोराकडूनच चोरीची कबुली घ्यावी, तसा हा प्रकार.

कापताना उष्णता निर्माण होते, हे माहीत होते त्याला तर फार वर्षे झाली. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्यांना भोक पाडताना बेंजामिन टॉम्पसन, म्हणजेच काउंट रमफर्ड, यांना पितळेच्या किसाच्या उष्णतेचे नवल वाटले. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतले, तोफेभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांच्या बळावर यंत्र फिरवत ठेवले. अडीच तासांनी, खाली विस्तव नसताना, ते पाणी उकळू लागले. १७९८ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, या तेव्हाच्या समजुतीला मोठा धक्का बसला. भौतिकशास्त्रातील एवढा मोठा विचार यंत्रशाळेतल्या किसातून निघाला, ही गोष्ट आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाणी चढते, पाणी उतरते

आता लोहाराकडे जाऊ. अण्णांच्या गावी, पैठण तालुक्यात, पूर्वी लोहार विळा तापवून लालबुंद करी आणि पाण्यात बुडवी. चर्र आवाज होई. पोलाद लाल होईपर्यंत तापते तेव्हा त्याची आतली रचना बदलते. सावकाश थंड होऊ दिले तर ती पूर्ववत मऊ होते, पण एकदम थंड केले तर ती बदललेल्या, ताणलेल्या अवस्थेत अडकून पडते आणि धार कठीण बनते. हेच 'पाणी देणे'. मात्र असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा थोडेसे तापवतो आणि त्याच्या अंगावर चढणारे रंग पाहत राहतो. साधारण २२० अंशांवर वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. हव्या त्या रंगाला थांबायचे. जास्त तापले, की कठीणपणा गेला, पाणी उतरले!

लोहाराच्या या ज्ञानात आमच्या प्रश्नाची निम्मी किल्ली आहे. भट्टीत पाणी उतरते, तसे ते कापताना निर्माण होणाऱ्या उष्णतेनेही उतरते. साध्या कार्बन पोलादाचे टूल २०० ते २५० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात लेथ फार सावकाश चालवावे लागत.

यातून वाट काढली ती अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी. कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा माणूस म्हणून अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या पुस्तकांत ते आपल्याला भेटतात. पण धातू कापण्यावर त्यांनी सुमारे २६ वर्षे प्रयोग केले, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. १८८० च्या दशकात त्यांना आढळले, की चिप सुटते त्याच जागी पाण्याची भरघोस धार सोडली, तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो. यंत्र गंजू नये म्हणून त्या पाण्यात ते सोडा मिसळत. पुढे शतक संपता संपता टेलर आणि त्यांचे सहकारी माँसेल व्हाइट यांनी टंगस्टन आणि क्रोमियम घातलेल्या पोलादाला फार उंच तापमानावर पाणी देण्याची रीत शोधली. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे टूल टोकाशी लाल होऊनही कापत राहिले, तेव्हा पाहणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. हेच ते 'हाय स्पीड स्टील'. कारखान्यात त्याला 'एच.एस.एस.' म्हणतात. त्याचे पाणी सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकते.

त्यानंतर १९२३ साली जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून नवा पदार्थ केला. क्रुप कंपनीने तो 'विडिया' या नावाने बाजारात आणला. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या दोन शब्दांचे ते लघुरूप आहे. आपल्याकडच्या जुन्या टर्नरांच्या तोंडी कार्बाइडला आजही 'विडिया'च म्हणतात. कंपनीचे नाव पदार्थाला चिकटले. कार्बाइड ९०० अंशांच्या आसपासही कठीण राहते. आता त्याच्या लहानशा टिपांवर टायटॅनियम नायट्राइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असे काही मायक्रॉन जाडीचे लेप असतात. सोनेरी दिसणारी टिप सोन्याची नसते. तो टायटॅनियम नायट्राइडचा रंग. हे लेप उष्णतेला आत शिरू देत नाहीत आणि घर्षणही कमी करतात.

म्हणजे उष्णतेशी दोन बाजूंनी लढता येते: टूल अधिक सोशिक करायचे, किंवा उष्णता काढून न्यायची. टर्नरला दोन्ही करावे लागते. रंगांचा जुना नियम इथेही उपयोगी पडतो. कार्बाइडने पोलाद कापताना चिप निळी निघाली, तर टर्नर समाधानी असतो; कारण निर्माण झालेल्या उष्णतेचा मोठा भाग, तीन-चतुर्थांशाहूनही अधिक, चिपच घेऊन गेली. एच.एस.एस.च्या टूलची धारच निळी पडली, तर मात्र मशीन बंद करावे.

थोड्या वेगाची मोठी किंमत

मालकांचा संशय अगदीच निराधार होता असे नाही. टेलर यांनीच वेग आणि टूलचे आयुष्य यांचे नाते सूत्रात बसवले. वेग वाढला की आयुष्य कमी होते, हे कोणीही सांगेल. पण ते किती झपाट्याने कमी होते, हे पाहण्यासारखे आहे. कार्बाइडच्या बाबतीत आयुष्य साधारणपणे वेगाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते असे धरू. वेग २० टक्के वाढवला, तर १.२ चा चौथा घात सुमारे २.०७, म्हणजे आयुष्य निम्म्याखाली. वेग दीडपट केला, तर आयुष्य पाचव्या हिश्श्यावर. एच.एस.एस. तर याहून नाजूक. तिथे घात आठच्या सुमारास असल्याने १० टक्के वेगानेच आयुष्य निम्म्याहून कमी होते. यामागे तापमानच आहे. थोडे तापमान वाढले, की धारेची झीज फार वाढते.

तेव्हा टिपा लवकर जाऊ लागल्यावर वेगावर संशय येणे साहजिक होते. पण वेग वाढल्याने जाणारी टिप आणि बिघडलेल्या पाण्याने जाणारी टिप यांच्या खुणा वेगळ्या असतात. त्या खुणांकडे येण्यापूर्वी पाण्याविषयी सांगायला हवे.

दुधासारखे पाणी

लेथवर टूलच्या टोकाशी दुधासारखा पांढरा द्रव पडत असतो. त्यालाच कूलंट म्हणतात. उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखा गुणी दुसरा स्वस्त द्रव नाही. एक अंश तापायला पाणी तेलाच्या दुपटीहून अधिक उष्णता पिते. पण पाण्यात वंगणाचा गुण नाही, आणि ते लोखंड गंजवते. तेलात वंगण आहे, पण उष्णता नेण्यात ते मंद. म्हणून दोघांचे लग्न लावायचे. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत, म्हणून साबणाच्या जातीचे पदार्थ मध्यस्थ म्हणून घालतात. मग तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि मिश्रण दुधाळ दिसते. खरे दूधही असेच, पाण्यात तरंगणाऱ्या स्निग्ध थेंबांमुळे पांढरे दिसते. त्यामुळे कूलंट 'नासते' किंवा 'फाटते' असे कामगार म्हणतात, ते शास्त्रालाही धरून आहे.

मिश्रण सामान्यतः ५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. १०० लिटरच्या टाकीत ५ लिटर तेल आणि ९५ लिटर पाणी. त्यातही क्रम आहे: पाण्यात तेल ओतायचे, तेलात पाणी नव्हे. उलटे केले, तर पाण्याचे थेंब तेलात अडकून दह्यासारखा लगदा होतो. प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण असते. तिच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले, की आकडा दिसतो.

आता मघाचे गणित पुढे नेऊ. ३ किलोवॅटची सगळी उष्णता मिनिटाला १० लिटर कूलंटने घेतली असे समजले, तरी ते कूलंट ४ अंशांच्या थोडे वरच तापेल. म्हणजे उष्णता फार आहे ही अडचण नाही; अडचण आहे ती जागेची. चिप टूलवर इतक्या दाबाने घासते, की मोठ्या वेगात द्रव त्या फटीत शिरूच शकत नाही. तो सभोवतालून टूल, जॉब आणि चिप यांना थंड करतो. सावकाश चालणाऱ्या कामात, उदाहरणार्थ आटे पाडताना, द्रव थोडाफार आत पोहोचतो आणि तिथे त्याचा वंगणगुण महत्त्वाचा ठरतो. म्हणून कुठे, किती दाबाने आणि कोणत्या दिशेने धार सोडायची, हे कसब आहे. आजकालच्या यंत्रांत टूलच्याच पोटातून भोक पाडून ७० बार दाबाने कूलंट थेट धारेशी नेतात.

कूलंटचे आणखी एक काम सहज लक्षात येत नाही. पोलाद एक अंश तापले, की मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब २० अंशांनी तापला, तर तो ०.०२४ मिलिमीटरने फुगतो. गरम असताना तो मापात बसतो आणि थंड झाल्यावर लहान भरतो! ज्या कामात ०.०१ मिलिमीटरची सूट असते, तिथे असा जॉब रद्द. जगभर मापनासाठी २० अंश हे तापमान प्रमाण मानतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कारखान्यातील मापनाची खोली वातानुकूलित का, आणि टर्नरला पंखाही का मिळत नाही, या दोन्हींतला विरोधाभास मनाला लागतो.

प्रत्येक धातूला कूलंट हवेच असे नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बहुधा कोरडेच कापतात. त्यातले ग्रॅफाइट स्वतःच वंगण होते आणि त्याची भुकटी पाण्यात मिसळून उलट घासणारा चिखल होतो. अ‍ॅल्युमिनियमवर जुने टर्नर रॉकेलचा बोळा फिरवत. मॅग्नेशियमजवळ तर पाणी न्यायचेच नाही. त्याच्या किसाने पेट घेतला, तर पाण्याने आग भडकते.

मग २०१६ मध्ये काय झाले?

आता सगळे धागे जुळतात. त्या उन्हाळ्यात एम.आय.डी.सी.चे पाणी कमी झाल्यावर कारखान्यात बोअरचे पाणी वापरू लागले. आपल्याकडच्या खडकातले बोअरचे पाणी बहुतेक जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, वर पांढरी साय धरते, हा अनुभव आपल्या घरातलाच. कूलंटमधला मध्यस्थही साबणाच्याच जातीचा. क्षारांनी त्याला पकडले, की तेलाचे थेंब मोकळे होतात, एकमेकांत मिसळतात आणि वर तरंगतात. लग्न मोडते.

पाणी वाचवायचे म्हणून टाकी रिकामी करून धुणे थांबले होते. उडून गेले तेवढे पाणी रोज वरून घालायचे, अशी सूचना होती. ती वरवर शहाणपणाची वाटते, पण हिशेब करून पाहा. १०० लिटरच्या टाकीतून रोज ५ लिटर पाणी उन्हाळ्यात उडाले आणि तेवढेच बोअरचे पाणी घातले, तर २० दिवसांत १०० लिटर नवे पाणी टाकीत गेले. उडते ते नुसते पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणजे महिन्याभरात टाकीतले क्षार दुप्पट. दुसऱ्या महिन्यात तिप्पट.

त्यात जिवाणूंची भर. यंत्राचे गळके तेल वर थर धरून बसले, की खालच्या द्रवाला हवा मिळत नाही. सुट्टीच्या दिवशी पंप बंद राहिला, की हवेवाचून जगणारे जिवाणू फोफावतात आणि नासक्या अंड्याचा वास सोडतात. अण्णांच्या कपड्यांना येणारा वास तोच. सुट्टीनंतरच्या सकाळी तो सर्वांत जास्त असे, असे अण्णा सांगतात.

आणि टिपा? फाटलेल्या कूलंटचा लगदा नळीच्या तोंडाशी अडके. धार क्षणभर थांबे, पुन्हा सुटे, पुन्हा थांबे. कार्बाइड उष्णता सोसते, पण उष्ण-थंडीचे हेलकावे सोसत नाही. तापलेल्या काचेच्या पेल्यावर गार पाणी पडावे तसे होते. धारेला काटकोनात, फणीच्या दातांसारख्या बारीक भेगा पडतात आणि मग कडेचा तुकडा उडतो. केवळ वेगाने जाणारी टिप अशी जात नाही. तिच्या माथ्यावर चिप घासून खड्डा पडतो आणि बाजू सपाट झिजते. म्हणूनच जाणकार सांगतात, की कार्बाइडवर कूलंट सोडायचे तर अखंड आणि भरपूर सोडा; ते जमत नसेल तर कोरडेच कापा.

अण्णांनी त्या काळातल्या काही टिपा एका काड्यापेटीत जपून ठेवल्या होत्या. का ठेवल्या, असे विचारले तर म्हणाले, "कधीतरी कुणाला तरी दाखवीन म्हणून." गेल्या दिवाळीत मी त्या भिंगाखाली पाहिल्या. पाचांपैकी चार टिपांवर फणीचे दात स्पष्ट दिसत होते. वेग तोच होता. पाणी बदलले होते.

मी अण्णांना हे सांगितले. ते थोडा वेळ भिंगातून पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो." माझ्या वडिलांना कोणी खोटे म्हटल्याचा सल इतकी वर्षे होता, हे मला तेव्हा कळले.

हात आणि धार

हातांवरच्या पुरळाचे कारणही तिथेच होते. चांगले कूलंट किंचित अल्कधर्मी असते; त्याचा सामू ९ च्या आसपास, तर आपल्या त्वचेचा ५ च्या जवळ. रोज आठ तास त्यात हात भिजले, की त्वचेचे तेल निघून जाते. त्यात धातूचे सूक्ष्म कण आणि जिवाणू मारायला ओतलेली औषधे. घरी येताना ग्रीस निघावे म्हणून कामगार रॉकेलने हात धुतात. त्याने जखमेवर मीठच चोळले जाते. कोणी म्हणेल, हातमोजे का घालत नाहीत? फिरत्या लेथवर हातमोजा घालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. कापड जॉबमध्ये अडकले, की हात ओढला जातो. तेव्हा उपाय टाकीतच करावा लागतो: मऊ पाणी, मोजलेले प्रमाण, वरचे तेल रोज काढणे, टाकी वेळेवर धुणे, आणि कामगारासाठी हाताला लावायचे मलम व साधा साबण. यात महाग असे काही नाही.

खराब झालेले कूलंट गटारात सोडून देणे हाही गुन्हाच. तेलमिश्रित टाकाऊ द्रव आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतो. ते जमिनीत मुरले, तर शेवटी आपल्याच बोअरमध्ये येणार.

म्हणून जगभर आता कूलंट कमी वापरण्याकडे कल आहे. हवेच्या झोतात तेलाचा तुषार मिसळून थेट धारेवर सोडतात. तासाला ५० मिलिलिटरहूनही कमी तेल पुरते. कठीण मिश्रधातूंसाठी कुठे कुठे उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. तो काम करून हवेत निघून जातो, मागे काही ठेवत नाही. दुष्काळी मुलखातल्या कारखान्यांना पाण्यावाचून धार राखण्याची ही विद्या इतरांहून अधिक उपयोगाची आहे.

पाण्याचा नेमका उपयोग करण्याचे धडे आपल्या शहराला नवे नाहीत. पाणचक्कीला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. तिथे दुरून नहरीने आणलेले पाणी आधी जाते फिरवते. आणि हौदाखालच्या दालनाच्या डोक्यावर पाणी असल्याने ते भर उन्हाळ्यातही गार राहते. एकाच पाण्याकडून काम आणि गारवा दोन्ही करून घेणारी माणसे या गावात होऊन गेली.

२०१६ च्या त्या कारखान्याची गोष्ट पुरी करतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. अण्णा आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी पत्र्याच्या पन्हळीखाली धुतलेली पिंपे लावली. पावसाचे पाणी मऊ असते, हे त्यांना रसायनशास्त्रातून नव्हे, तर आजीने पावसाच्या पाण्यात शिजवलेल्या डाळीवरून ठाऊक होते. मालकांची परवानगी काढून टाकी रिकामी केली, घासली, आणि पावसाच्या पाण्यात तेल सोडले. दूध पुन्हा दुधासारखे झाले. टिपा पूर्वीसारख्या पाळीभर चालू लागल्या. मालकांनी त्याविषयी नंतर काही विचारले नाही आणि अण्णांनीही काही सांगितले नाही.

हातावरचे डाग मात्र अजून आहेत. या लेखाचा कच्चा मसुदा मी अण्णांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: "पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही, हे ठळक लिही. नवीन पोरं तिथंच चुकतात." म्हणून ते पुन्हा एकदा लिहून लेखणी खाली ठेवतो: पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे.